दोन कुंड्यांमधली जादू

मामाच्या तळहातावर दोन रुपयांचं नाणं होतं. त्याने ते उजव्या हातातून डाव्या हातात ठेवलं, डावी मूठ घट्ट मिटली, मुठीवर फुंकर मारली आणि एकेक बोट उघडलं. मूठ रिकामी!

“कुठे गेलं?”

“ताप्तीत,” मामा म्हणाला आणि बशी जवळ ओढून तिच्यात चहा ओतू लागला.

मी तेव्हा चौथीत होतो. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आम्ही जळगावहून बुऱ्हाणपूरला मामाकडे जायचो. गाडीने रावेर सोडलं की थोड्याच वेळात मध्य प्रदेश लागतो. स्टेशनांच्या पाट्यांवरची मराठी गायब होते, केळीच्या बागा मात्र आपल्या तशाच पुढे चालत राहतात. गावात शिरलं की पॉवरलूमची खटखट कानांवर यायची आणि मावा जिलेबीचा वास नाकात. आणि घरी मामा! दिवसभर दुकानात कापड मोजणारा, आणि रात्री जेवणं झाली की आम्हा पोरांना गोल बसवून नाणं, रुमाल, आगपेटी यांचे खेळ करणारा.

मी मामाची झडती घेतली. बाह्या तपासाव्यात तर अंगात गंजीफ्रॉक. खिसे रिकामे. चटई उचलून पाहिली, तिच्याखाली दोन मुंग्या. बस.

“पुन्हा करून दाखव ना!”

“भाचेराव, एकच जादू त्याच माणसांना लागोपाठ दोनदा दाखवायची नसते. मघाशी तुला माहीत नव्हतं काय होणार ते. आता माहीत आहे. आता तू नेमका नको तिथे बघशील.”

“मग शिकव तरी.”

मामाने चहाचा शेवटचा घोट घेतला. “उद्या सकाळी कुंडी भंडाऱ्याला जाऊ. तिथे शिकवतो.”

जादू शिकायला विहिरीवर जायचं? मला काही कळेना.

मधे काय आहे?

कुंडी भंडारा हे बुऱ्हाणपूरचं एक आश्चर्य आहे. त्याला ‘खुनी भंडारा’ असंही म्हणतात. पण घाबरू नका, आत पाण्याखेरीज कुणी नाही. मोगलांच्या काळात बुऱ्हाणपूर म्हणजे दख्खनच्या तोंडावरचं मोठं ठाणं. सैनिक, व्यापारी, विणकर, हत्ती, घोडे... सगळ्यांना पाणी लागणारच. तेव्हा इथला कारभार अब्दुर्रहीम खान-ए-खाना यांच्याकडे होता. हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे असतात ना, तेच हे रहीम. त्यांच्या काळात, १६१५ साली, एका इराणी जाणकाराच्या मदतीने ही योजना उभी राहिली. सातपुड्याच्या डोंगरांत मुरलेलं पाणी जमिनीखालच्या भुयारात झिरपू द्यायचं आणि नुसत्या उताराने शहराकडे आणायचं. मोट नाही, रहाट नाही. भुयारात हवा खेळावी आणि माणसाला आत उतरता यावं म्हणून थोड्या थोड्या अंतरावर वरपर्यंत कुंड्या बांधल्या. कुंडी म्हणजे दिसायला थेट विहीर. अशा शंभरेक कुंड्या एका रांगेत. आता तिथे खाली उतरायला लिफ्ट आहे. आम्ही मात्र तेव्हा काठावरूनच आत डोकावलो.

“किती विहिरी दिसतात?” मामाने विचारलं.

“एक, दोन, तीन... खूप आहेत.”

“त्यांच्या मधे काय आहे?”

“जमीन. दगड. ती बघ, शेळी चरतेय.”

“ते वर. खाली काय आहे?”

खाली पाणी होतं. या कुंडीतून त्या कुंडीत गुपचूप वाहणारं. पण या दोन कुंड्यांच्या मधे ते कुणालाच दिसत नव्हतं.

“तुझे डोळे असेच बघतात,” मामा म्हणाला. “इथे एकदा डोकावतात, मग उडी मारून तिथे डोकावतात. मधलं काही बघत नाहीत. पण तुला वाटतं, आपण सगळं सलग पाहिलं. काल नाणं मधल्या मधे गेलं.”

मामा कापडाचा व्यापारी, शास्त्रज्ञ नव्हे. पण पुढे मोठेपणी मी डोळ्यांबद्दल वाचायला लागलो तेव्हा पानापानावर मला तीच कुंड्यांची रांग दिसायला लागली. पटत नसेल तर दोन प्रयोग करा. लगेच, इथल्या इथे.

पहिला प्रयोग आरशाचा. आरशाच्या अगदी जवळ उभे राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या. पुन्हा डाव्या, पुन्हा उजव्या. डोळे हलताना दिसले? नाही दिसणार! आता शेजारी ताईला उभं करा आणि तिला विचारा. ती म्हणेल, “हलतात की चांगले टणाटण!” म्हणजे डोळे हलतात, शेजारच्याला दिसतात, पण तुम्हाला स्वतःला दिसत नाहीत. कारण डोळा एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारतो तेवढ्या वेळापुरतं मेंदू चित्र बाजूला सारतो. सारलं नसतं तर सगळं जग सारखं फरफटलेलं दिसलं असतं. अशा उड्या आपण सेकंदाला साधारण तीन मारतो. तुम्ही हे वाक्य वाचलंत तेव्हाही मारल्यात.

दुसरा प्रयोग अंगठ्याचा. हात पूर्ण लांब करा आणि अंगठ्याचं नख बघा. आपल्याला अगदी स्पष्ट, बारीकसारीक तपशिलासह दिसणारा भाग जेमतेम त्या नखाएवढा असतो. विश्वास बसत नाही? या ओळीच्या मधल्या एका शब्दावर नजर खिळवा आणि डोळे न हलवता चार ओळी खालचं वाक्य वाचा बघू. अक्षरं आहेत हे कळतं, पण कुठली ते लागत नाही. मग एवढं मोठं जग आपल्याला एकदम स्वच्छ कसं दिसतं? तर नखाएवढा उजेड इकडेतिकडे फिरवून मेंदू तुकडे गोळा करतो आणि मधल्या जागा अंदाजाने भरतो. हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर असतो. जादूगार त्या ‘बहुतेक’मधून ज्या थोड्या वेळा उरतात, त्यांच्यावर आपलं दुकान मांडतो.

आणि डोळे योग्य जागी असले म्हणून काम झालं असंही नाही. १९९९ साली अमेरिकेत डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री या दोघांनी एक गमतीदार प्रयोग केला. लोकांना एक फिल्म दाखवली. तिच्यात पांढरे आणि काळे शर्ट घातलेली माणसं एकमेकांकडे चेंडू टाकतायत. बघणाऱ्याने पांढऱ्या शर्टवाल्यांचे पास मोजायचे. मधेच गोरिलाचा पोशाख घातलेलं एक माणूस चालत येतं, मधोमध उभं राहून छाती बडवतं आणि निघून जातं. शेवटी विचारलं, “गोरिला दिसला का?” जवळजवळ निम्मे लोक म्हणाले, “कसला गोरिला?” ते मोजण्यात गुंतले होते. डोळे उघडे, पण लक्ष दुसरीकडे.

लक्ष असं दुसरीकडे पाठवायचं, हेच जादूगाराचं खरं काम.

हूल!

त्या कामाला मराठीत एक झकास शब्द आहे, आणि तुम्ही तो मैदानावर रोज वापरता. हूल! खो-खोमधला पळणारा गडी खांबाच्या एका बाजूने जातो असं दाखवतो आणि सटकन दुसऱ्या बाजूला निसटतो. पाठलाग करणाऱ्याला बिचाऱ्याला उलटं फिरता येत नाही. हूल दिली! जादूगार पायांनी नाही, हातांनी आणि डोळ्यांनी हूल देतो. ‘हातचलाखी’ हा शब्द आपण ऐकलेला असतो आणि वाटतं, याचे हात विजेसारखे चपळ असणार. मामाचे हात काही चपळ नव्हते. उलट ते फारच आरामात चालायचे. मामा म्हणायचा, “घाईघाईने हललेला हात चोराचा वाटतो.” मामाकडे एकूण पाच हुली होत्या. त्या मी तुम्हाला सांगतो. कुणाला सांगू नका!

पहिली हूल नजरेची. समोरचा जिकडे बघतो तिकडे आपणही बघतो. तान्ह्या बाळांनाही ही सवय असते. रस्त्यात उभे राहून चार मुलांनी उगाच आभाळाकडे बघितलं तर जाणारेयेणारेही मान वर करतात की नाही? म्हणून मामा स्वतः रिकाम्या मुठीकडे अशा कौतुकाने बघायचा की जणू तिच्यात कोहिनूर आहे. आपणही तिकडेच बघणार.

या हुलीची ताकद मोजून झाली आहे. एक जुना खेळ आहे. जादूगार चेंडू दोनदा खरंच वर फेकून झेलतो. तिसऱ्यांदा नुसता हात वर करतो, चेंडू हातातच लपलेला असतो. तरी पुष्कळांना चेंडू वर जाताना आणि हवेत गडप होताना ‘दिसतो’! नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हा खेळ शाळेतल्या मुलांवर करून पाहिला आणि १९०० साली त्याबद्दल लिहिलं. पुढे २००६ साली इंग्लंडमध्ये गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी त्याची फिल्मच बनवली, दोन प्रकारची. एकीत जादूगार तिसऱ्या वेळीही मान वर करून ‘चेंडूकडे’ बघतो. दुसरीत तो चेंडू लपवलेल्या हाताकडे बघतो. बाकी सगळं सारखं. पहिली फिल्म बघणाऱ्या १०० पैकी ६८ जणांना नसलेला चेंडू वर जाताना दिसला. दुसरी बघणाऱ्यांत हा आकडा ३२ वर आला. फरक फक्त नजरेचा! आणखी गंमत म्हणजे, लोकांचे डोळे कुठे जातात हे यंत्राने टिपलं, तर ज्यांना चेंडू वर गेलेला ‘दिसला’ त्यांचे डोळे बहुतेक करून वर गेलेच नव्हते. ते जादूगाराच्या चेहऱ्यावरून अंदाज घेत होते. मेंदूने मधली कुंडी आपल्या मनानेच बांधली होती.

दुसरी हूल प्रश्नाची. कुणी आपल्याला प्रश्न विचारला की आपण त्याच्या हातांकडे नाही, तोंडाकडे बघतो. शिवाय उत्तर शोधायला मेंदू लागतो, म्हणजे पहाऱ्यावरचा शिपाई तेवढ्यापुरता आत जातो. नेमक्या महत्त्वाच्या क्षणी मामा विचारायचा, “तुझ्या वर्गात पोरं किती रे?” मी “बेचाळी...” म्हणेपर्यंत काम तमाम.

बाजाराच्या दिवशी चौकात खेळ मांडणाऱ्या मदाऱ्याची बडबड आठवा. “जमूरे!” “जी उस्ताद!” “जो पूछूँगा, बताएगा?” “बताऊँगा!” आपल्याला वाटतं ही नुसती करमणूक. पण ती बडबड हेच त्याचं अवजार असतं. कुठल्या शब्दावर गर्दी जमूऱ्याकडे बघेल हे उस्तादाला पक्कं ठाऊक असतं, आणि त्या शब्दावर वाटीखालची गोटी पलीकडच्या वाटीखाली गेलेली असते. वाट्या आणि गोट्यांचा हा खेळ फार जुना बरं का. सुमारे २,००० वर्षांपूर्वी रोममध्ये सेनेका नावाचा विचारवंत होऊन गेला. त्यानेही एका पत्रात वाट्या आणि खड्यांच्या खेळाबद्दल लिहिलं आहे. त्याचं म्हणणं असं की फसण्यातच खरी मजा आहे, युक्ती कळली की गोडी गेली. आपल्याकडच्या मदाऱ्याच्या वाटीला डोक्यावर एक छोटा गोळा असतो. तो दोन बोटांच्या चिमटीत धरून वाटी उचलायची, म्हणजे उरलेली बोटं गोटी लपवायला मोकळी.

आता जरा पुढे सरसावून बसा. बुऱ्हाणपूरची सगळ्यात मोठी हूल सांगतो. तिच्यात नाणी नव्हती, डोल्या होत्या. एकदोन नाहीत, दोनशे!

बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर असीरगड आहे. सातपुड्यातून दक्षिणेत उतरणाऱ्या वाटेवर तो असा बसला आहे की त्याला ‘दख्खनचा दरवाजा’ म्हणायचे. सहाशे वर्षांपूर्वी तिथे आसा अहीर नावाचा गाईगुरांचा मोठा धनी राहत होता. त्याच्याच नावावरून गडाला असीर म्हणू लागले असं सांगतात. खानदेशच्या नासिरखान फारुकीला गड हवा होता, पण भिंती उंच, लढून मिळणं कठीण. मग त्याने काय केलं, ते फरिश्ता नावाच्या इतिहासकाराने सुमारे दोनशे वर्षांनी लिहून ठेवलं आहे. नासिरखानाने आसाला निरोप धाडला, “शत्रू अंगावर आलाय. माझ्या बायकामुलांना तुमच्या गडात आसरा द्या.” आसा भला माणूस, हो म्हणाला. पहिल्या दिवशी डोल्या आल्या. पडदे उघडले तर आत खरोखरच बायका. आसाच्या घरच्या बायकांनी त्यांचं आदरातिथ्य केलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, आणखी दोनशे डोल्या येताहेत. आता कोण संशय घेणार? दरवाजे उघडले. आसा स्वतः मुलांना घेऊन सामोरा गेला. पडदे सरले आणि आतून हत्यारबंद सैनिक बाहेर पडले. गड गेला, आसाचे प्राणही गेले. याच नासिरखानाने पुढे ताप्तीकाठी एक शहर वसवलं आणि बुऱ्हाणुद्दीन या सूफी संतांचं नाव त्याला दिलं. तेच आपलं बुऱ्हाणपूर.

आता दुसरी गोष्ट आठवा. ती तुम्हाला पाठच आहे. १६६६ साल, आग्रा, शिवाजी महाराज नजरकैदेत. मिठाईचे पेटारे बाहेर जाऊ लागले. पहिल्या दिवसांत पहारेकरी प्रत्येक पेटारा उघडून बघत. आत मिठाईच. उद्या? मिठाईच. परवा? मिठाईच. काही दिवसांनी पहारेकरी कंटाळले, आणि मग एक दिवस... पुढचं तुम्हीच सांगा. एकाने विश्वासघात केला, एकाने अन्यायाच्या कैदेतून सुटका करून घेतली. हेतूंमध्ये जमीनअस्मानाचा फरक. पण युक्ती तीच.

ही मामाची चौथी हूल, सवयीची. आधी खरं, मग खोटं. चेंडू दोनदा खरंच वर जातो, म्हणून तिसऱ्यांदा तो गेलेला ‘दिसतो’. पहिल्या डोलीत खरंच बाई असते, म्हणून दुसऱ्या दिवशी पडदा कुणी उचलत नाही. मेंदू फार कामसू आहे, पण तितकाच काटकसरी. जे सारखं तसंच घडतं त्याच्यावर तो पहारा ठेवत नाही. मामाही नाणं आधी तीनचारदा खरोखरच या हातातून त्या हातात ठेवायचा. बोलता बोलता, सहज. मला वाटायचं, मामाचा चाळा आहे.

पाचवी हूल सैल क्षणाची. मुठीवर फुंकर मारताना मी श्वास रोखून बसलो होतो. तेव्हा मामाने काहीसुद्धा केलं नाही. मूठ रिकामी निघाली, मी ओरडलो, भावंडांनी टाळ्या पिटल्या. आमच्या दृष्टीने जादू संपली होती. संपली म्हटल्यावर लक्ष कोण देतं? हसताना, टाळ्या वाजवताना, “आता सांगतो हं” म्हणून जादूगार मांडी बदलतो तेव्हा आपलं लक्ष ढिलं पडतं. जादूगार आपलं उरलेलं काम नेमकं तेव्हा उरकतो.

“मग काल तू तेव्हा काय केलंस?” कुंडीच्या कठड्याला टेकून मी विचारलं.

मामा हसला. “तूच सांग. मूठ रिकामी निघाल्यावर मी सगळ्यात आधी काय केलं?”

मी डोळे मिटले. मूठ... “ताप्तीत” म्हणाला... आणि... बशी! बशी जवळ ओढली! उजव्या हाताने! नाणं डाव्या हातात गेलंच नव्हतं. ते उजव्याच हातात होतं, आणि बशी ओढता ओढता तिच्याखाली सरकलं होतं. मी बाह्या शोधल्या, खिसे शोधले, चटई शोधली. डोळ्यांसमोरची बशी मात्र उचलली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

घरी पोहोचल्या पोहोचल्या मी स्वयंपाकघरात धावलो. बशी घासून पालथी घातलेली होती आणि नाणं आजीच्या बटव्यात गेलं होतं. आजी कुठल्याच हुलीला भुलत नसे.

आता तुम्ही करा

एक लहान नाणं घ्या. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांच्या मुळाशी ठेवा. बोटं किंचित वाकवली की ते तिथे अलगद अडकून बसतं. हात उलटा केला तरी पडत नाही.

लगेच फसवायला जाऊ नका. आधी आरशासमोर उभे राहून वीस वेळा नाणं खरोखर डाव्या हातात ठेवा आणि स्वतःलाच नीट बघा. डावी मूठ किती घट्ट मिटते? नाणं देऊन झाल्यावर उजवा हात कसा सैल पडतो? मान कुठे वळते? खऱ्याची नक्कल करायची तर खरं कसं दिसतं ते आधी माहीत हवं. नवशिक्या जादूगार इथेच सापडतो. नाणं लपवलेला हात तो लाकडासारखा ताठ धरतो, किंवा चोरट्या नजरेने सारखा त्याच्याकडेच बघतो.

आता एकविसाव्या वेळी उजवा हात डाव्यावर उपडा करा, पण नाणं सोडू नका. डावी मूठ नेहमीसारखी मिटा. उजवा हात आपोआप खाली येऊ द्या. डावी मूठ बाजूला नेताना सरळ रेषेत नेऊ नका, कमानीसारखी गोलाकार न्या, आणि तुमची नजर तिच्या मागोमाग जाऊ द्या. कमान का? २०११ साली अमेरिकेत काही शास्त्रज्ञांनी अपोलो रॉबिन्स या जादूगाराबरोबर हे तपासलं. हात सरळ गेला की बघणाऱ्याचे डोळे सुरुवातीच्या जागेवरून थेट शेवटच्या जागी उडी मारतात आणि झटकन परतही येऊ शकतात. हात वळणाने गेला की डोळे त्याच्या मागे मागे ओढले जातात, आधीच्या जागी परतायला विसरतात. म्हणजे लोकांनी तुमच्या उजव्या हाताकडे वळू नये असं वाटत असेल, तर डावा हात वळवा.

मग एक प्रश्न विचारा. थांबा. फुंकर मारा. एकेक बोट उघडा. आणि नाणं दडवायची घाई करू नका, टाळ्यांची वाट बघा.

पहिल्या दिवशी जमणार नाही. दहाव्या दिवशी धाकटी बहीण फसेल. विसाव्या दिवशी बाबा. पुण्याचे जादूगार रघुवीर, म्हणजे रघुनाथ भोपळे, त्यांचे चिरंजीव विजय आणि नातू जितेंद्र अशा तीन पिढ्या एकाच घरात जादू करत आल्या आहेत. आरशासमोरचे तास कुणालाच चुकलेले नाहीत.

एक मात्र लक्षात ठेवा. गर्दीत धक्का देऊन खिसा कापणारा हूलच देतो. “ताबडतोब नंबर सांगा, नाहीतर खातं बंद होईल” असं फोनवर दरडावणाराही हूलच देतो. तो घाई आणि भीती दाखवतो, कारण घाबरलेला माणूस एकाच कुंडीत डोकावत बसतो. जादूगाराचं वेगळं आहे. तो खेळाआधीच सांगतो, “मी तुम्हाला फसवणार आहे हं,” आणि आपण तिकीट काढून म्हणतो, “फसवा!” खेळ संपल्यावर आपलं नाणं आपल्याला परत मिळतं. आजी मधे आली नाही तर.

चला, लेख संपला. टाळ्या वाजवा. अंग सैल सोडा. पाय पसरा.

आता मला एक सांगा. मामाच्या पाच हुली होत्या ना? पहिली नजरेची, दुसरी प्रश्नाची, चौथी सवयीची, पाचवी सैल क्षणाची.

तिसरी कुठे आहे?

जा मागे, शोधा. बाह्या तपासा, चटई उचला. सापडणार नाही, कारण मी ती सांगितलेलीच नाही, करून दाखवली. तिसरी हूल अशी: मोठी हालचाल लहान हालचालीला झाकते. मला एक आकडा गुपचूप गाळायचा होता, म्हणून त्याच क्षणी मी तुमच्यासमोरून दोनशे डोल्या नेल्या. तुम्ही पडद्यांकडे बघत बसलात, आणि मी बशी जवळ ओढली.